क्रोल ऑपेरा हाऊसमधली ९१ मतं

२३ मार्च १९३३ रोजी जर्मन संसदेने, म्हणजे राईशस्टागने, कायदे करण्याचा आपला अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकला. कायद्याच्या बाजूने ४४४ मतं पडली, विरोधात ९४. इतिहासात हा कायदा एनेबलिंग ॲक्ट म्हणून ओळखला जातो. इथे त्याला अधिकारदान कायदा म्हणू. पुढच्या बारा वर्षांत जर्मनीत जे काही ‘कायदेशीर’ म्हणून झालं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आधार हे मतदान होतं.

या मतदानाबद्दल एक समज पक्का बसलेला आहे. नाझींनी कम्युनिस्ट खासदारांना तुरुंगात टाकलं, सभागृहातली विरोधी मतं कमी केली आणि अशा रीतीने दोन तृतीयांश बहुमत मिळवलं, असं सांगितलं जातं. अटका खऱ्या आहेत, दहशतही खरी आहे. पण आकडेमोड करून पाहिली की वेगळंच दिसतं, आणि मला वाटतं या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे.

एकूण सदस्य होते ६४७. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ४३२. बाजूने मतं पडली ४४४. म्हणजे ८१ च्या ८१ कम्युनिस्ट आणि गैरहजर असलेले सगळे सोशल डेमोक्रॅट सभागृहात येऊन विरोधात मतदान करून गेले असते, तरी कायदा मंजूर झाला असता. आता उलटा हिशेब करू. त्या दिवशी ५३८ जणांनी मतदान केलं. त्यांचे दोन तृतीयांश ३५९. ४४४ मधून दोन कॅथलिक पक्षांची, म्हणजे झेंट्रुम आणि बव्हेरियन पीपल्स पार्टी यांची ९१ मतं वजा केली, तर उरतात ३५३. सहा मतं कमी. या दोन पक्षांनी ‘नाही’ म्हटलं असतं, तर अर्ध्या विरोधकांना कोंडूनही कायदा त्या सभागृहात पडला असता.

तेव्हा तपासायचं आहे ते हे: हे ९१ जण नाझी नव्हते, त्यांच्यातल्या अनेकांना हिटलरचा तिटकारा होता, मग त्यांनी हात का वर केला?

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १९३३ च्या मार्चमध्ये राईशस्टागने सोडून दिलं ते आधीच जवळजवळ रिकामं झालेलं होतं. मार्च १९३० मध्ये हेर्मान म्युलर यांचं आघाडी सरकार बेकारी विम्याच्या वर्गणीच्या वादावरून कोसळलं. संसदेत बहुमत असलेलं ते वायमार प्रजासत्ताकातलं, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन लोकशाहीतलं, शेवटचं सरकार. त्यानंतर आलेले चॅन्सेलर, म्हणजे सरकारचे प्रमुख, हाइनरिख ब्र्यूनिंग झेंट्रुमचेच. त्यांचा काटकसरीचा अर्थसंकल्प संसदेने फेटाळला, तर त्यांनी तो राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्या सहीने, राज्यघटनेच्या कलम ४८ खाली, वटहुकूम म्हणून लागू केला. संसदेने वटहुकूम रद्द केला, तर संसदच बरखास्त केली. सप्टेंबर १९३० ची निवडणूक झाली आणि नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या.

तिथून कारभार वटहुकमांवर चालू लागला. १९३० मध्ये संसदेने ९८ कायदे केले आणि कलम ४८ खाली ५ वटहुकूम निघाले. १९३१ मध्ये कायदे ३४, वटहुकूम ४४. १९३२ मध्ये कायदे फक्त ५ आणि वटहुकूम ६६. बाहेर नोंदणीकृत बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली होती आणि आत लोकप्रतिनिधींना हळूहळू सवय लागली होती की निर्णय कुठेतरी दुसरीकडे होतात. जुलै १९३२ च्या निवडणुकीत नाझी आणि कम्युनिस्ट मिळून ६०८ पैकी ३१९ जागांवर निवडून आले. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या दोन पक्षांकडे मिळून बहुमत होतं, आणि दोघांनाही हे प्रजासत्ताक नको होतं. अशा सभागृहात सरकार बनवणार कोण?

आपल्याकडे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला वायमार हे नाव एका ओळीपुरतं माहीत असतं: आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करण्याची तरतूद तिथून आली, असं पुस्तकात असतं. ऑगस्ट १९४९ मध्ये आपल्या संविधान सभेत आणीबाणीच्या कलमांवर चर्चा झाली, तेव्हा ह. वि. कामत यांनी याच वायमारचा दाखला देऊन कळकळीचा विरोध केला होता. त्या एका ओळीच्या मागे काय घडलं होतं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला तो निवडणूक जिंकून नव्हे. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्याच्या पक्षाची मतं ३७ टक्क्यांवरून ३३ वर घसरली होती. त्याला आणलं ते माजी चॅन्सेलर फ्रान्झ फॉन पापेन आणि हिंडेनबर्ग यांच्या भोवतालच्या मंडळींनी. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच, बाकी सगळे जुने उजवे. याला आपण सहज आवरू, असा त्यांचा अंदाज होता. पण त्या तिघांमध्ये विल्हेल्म फ्रिककडे देशाचं गृहखातं आणि हेर्मान गोरिंगकडे प्रशियाचं गृहखातं गेलं. प्रशिया म्हणजे जर्मनीचा सुमारे तीन पंचमांश भाग. तिथलं पोलीस दल आता गोरिंगच्या हाताखाली होतं, आणि फेब्रुवारीत त्याने नाझी पक्षाच्या एसए आणि एसएस दलांतली हजारो माणसं साहाय्यक पोलीस म्हणून भरती केली. काल रस्त्यावर मारामारी करणाऱ्यांच्या दंडावर आज सरकारी फीत आली.

२७ फेब्रुवारीच्या रात्री राईशस्टागची इमारत जळाली. मारिनुस व्हान डेर लुब्ब हा २४ वर्षांचा डच तरुण तिथेच पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकमाने व्यक्तिस्वातंत्र्य, घराची आणि टपालाची गोपनीयता, वृत्तपत्रस्वातंत्र्य, सभा-संघटनेचा हक्क, सगळं ‘पुढील सूचनेपर्यंत’ स्थगित केलं. ती पुढची सूचना १९४५ पर्यंत आली नाही. कम्युनिस्ट नेते धरले गेले, सोशल डेमोक्रॅट वृत्तपत्रं बंद पडली, आणि अशा वातावरणात ५ मार्चची निवडणूक झाली. एवढं करूनही नाझींना ४३.९ टक्के मतं आणि २८८ जागा मिळाल्या. मित्रपक्षाच्या ५२ धरून ३४०. साधं बहुमत झालं. घटना बदलायला लागणारे ४३२ मात्र खूप लांब होते.

घटना बदलायचीच कशाला, असं कोणी विचारेल. वटहुकूम होते, पोलीस होते, रस्ता ताब्यात होता. पण वटहुकमासाठी प्रत्येक वेळी हिंडेनबर्गची सही लागे, आणि संसदेला तो रद्द करण्याचा हक्क होता. शिवाय जर्मन नोकरशहा, न्यायाधीश, लष्करी अधिकारी ही सगळी कायद्याचा कागद पाहून वागणारी माणसं. योग्य मार्गाने मंजूर झालेला कायदा हातात असला, की त्यांच्या मनाची टोचणी संपणार होती. हिटलरला ही टोचणी संपवायची होती.

कायदा पाच कलमांचा, पानभराचा. मंत्रिमंडळ संसदेशिवाय कायदे करू शकेल. ते घटनेपासून फारकत घेणारे असले तरी चालतील. त्यांच्यावर राष्ट्राध्यक्षाऐवजी चॅन्सेलरची सही असेल. परराष्ट्र करारांना संसदेची संमती लागणार नाही. आणि हे सगळं १ एप्रिल १९३७ पर्यंत. राईशस्टाग, राज्यांच्या प्रतिनिधींचं राईशस्राट आणि राष्ट्राध्यक्षाचे हक्क यांना हात लागणार नाही, असंही त्यात लिहिलं होतं.

असा कायदा त्या देशाला अगदी नवा नव्हता, हे विसरून चालत नाही. १९२३ च्या भयंकर चलनफुगवट्यात स्ट्रेसमान आणि झेंट्रुमचे विल्हेल्म मार्क्स यांच्या सरकारांना संसदेने असेच अधिकार दिले होते. मुदत छोटी, विषय ठरावीक, आणि काम झाल्यावर ते अधिकार संपलेही. त्यामुळे अनेक जुन्या खासदारांना हा ओळखीचा, संकटकाळात वापरायचा उपाय वाटला. अधिकार देणारा कागद तोच होता. घेणारा माणूस निराळा होता.

झेंट्रुम हा कॅथलिकांचा पक्ष. १८७० च्या दशकात बिस्मार्कने कॅथलिक चर्चविरुद्ध मोहीम उघडली, धर्मगुरूंना तुरुंगात टाकलं, कॅथलिकांना राष्ट्रद्रोही ठरवलं. तो काळ पक्षाच्या हाडात मुरला होता. पुन्हा ‘देशाचे शत्रू’ म्हणवून घ्यायची वेळ येऊ नये, ही भीती त्यांच्या प्रत्येक निर्णयामागे असे. त्यात मार्च १९३३ मध्ये झेंट्रुमशी संबंधित सरकारी अधिकाऱ्यांना नोकऱ्यांवरून काढायला सुरुवात झालेली. पक्षाध्यक्ष लुडविग कास स्वतः धर्मगुरू आणि चर्चच्या कायद्याचे जाणकार. राजकारणात त्यांचं सगळं लक्ष चर्चचे हक्क, कॅथलिक शाळा, व्हॅटिकनशी करार या गोष्टींकडे लागलेलं.

२० आणि २२ मार्चला त्यांची हिटलरशी बोलणी झाली. कास यांनी हमी मागितल्या: न्यायाधीशांना पदावरून हलवणार नाही, राज्यांचं अस्तित्व राहील, चर्चशी झालेले करार पाळले जातील, शाळांमध्ये धर्मशिक्षण राहील. हिटलरने तोंडी होकार दिला, आणि लेखी पत्र देण्याचंही कबूल केलं. त्याच आठवड्यात, २२ मार्चला, म्युनिकजवळ दाखाऊची छळछावणी सुरू झाली.

२३ तारखेला दुपारी दोननंतर बैठक सुरू झाली. संसदेची इमारत जळालेली, म्हणून ती समोरच्याच क्रोल ऑपेरा हाऊसमध्ये भरली होती. भोवती गर्दी कायद्याच्या मागणीच्या घोषणा देत होती. आत व्यासपीठामागे प्रचंड स्वस्तिक, मार्गिकांमध्ये गणवेशातले एसए आणि एसएस. ल्युबेकचे सोशल डेमोक्रॅट खासदार युलिउस लेबर बैठकीला येत असतानाच पकडले गेले. सभापती गोरिंगने कामकाजाच्या नियमांत बदल करून घेतला: जे सदस्य परवानगीशिवाय गैरहजर राहतील, ते गणपूर्तीसाठी हजर समजले जातील. घटनादुरुस्तीसाठी दोन तृतीयांश हजेरी आवश्यक होती. २१६ जण बाहेर राहिले असते तर मतदानच होऊ शकलं नसतं. कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट मिळून होते २०१. आणखी १५ जणांची साथ पुरली असती. तो दरवाजा या नियमाने बंद केला, आणि त्या बदलाला झेंट्रुमने संमती दिली. माझ्या मते त्यांचा निर्णय तिथेच जाहीर झाला होता. मतदान ही पुढची पायरी होती.

हिटलरचं भाषण आश्वासनांनी भरलेलं होतं. कास यांनी मागितलेल्या बऱ्याच गोष्टी त्याने भाषणात घेतल्या, आणि शेवटी शांतता की युद्ध हे तुम्हीच ठरवा, असं बजावून तो खाली बसला. मग जवळपास तीन तासांची सुट्टी झाली.

या तीन तासांत झेंट्रुमच्या खासदारांची आपसात बैठक झाली. ब्र्यूनिंग यांनी कडाडून विरोध केला. माजी चॅन्सेलर योझेफ विर्थ, कामगार नेते आडाम श्टेगरवाल्ड हेही विरोधात होते. चाचणी मतदान घेतलं तेव्हा डझनभर लोक ‘नाही’ म्हणणारे निघाले. कास यांचं म्हणणं साधारण असं होतं: आपण नाही म्हटलं तरी हे लोक दुसऱ्या मार्गाने हवं ते करणारच, मग निदान संमती देऊन काही हमी पदरात पाडून घेऊ, नाहीतर पक्षावर आणि आपल्या माणसांवर संकट येईल. शेवटी पक्षाची एकजूट राहावी म्हणून विरोधकांनी बहुमतापुढे मान तुकवली आणि सगळ्यांनी एकमुखाने मत द्यायचं ठरलं. ज्यांना धोका स्पष्ट दिसत होता त्यांनीही.

लेखी पत्राचं काय झालं? कास यांनी चौकशी केली, तेव्हा ते निघालं आहे, पोचेलच, असं सांगण्यात आलं. मतदान झालं. पत्र आलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

पत्राशिवाय कास व्यासपीठावर गेले आणि त्यांनी पाठिंबा जाहीर केला. या प्रसंगाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. हमीची किंमत त्यांना माहीत होती, म्हणून तर ती लेखी मागितली. ती मिळालेली नाही हेही माहीत होतं. तरी शब्द पाळला तो फक्त त्यांनीच.

त्यांच्या आधी, संध्याकाळी सहानंतर, सोशल डेमोक्रॅट नेते ओटो वेल्स बोलले होते. बाजूला एसएची माणसं उभी, बाहेर पडल्यावर घरी पोचू की नाही याची शाश्वती नाही. वेल्स शांतपणे बोलले. ‘स्वातंत्र्य आणि प्राण आमच्याकडून हिरावून घेता येतील, आमची प्रतिष्ठा नाही,’ हे त्यांचं वाक्य जर्मनीत आजही शाळेतल्या मुलांना ठाऊक असतं. शाश्वत आणि अविनाशी विचार नष्ट करण्याचा अधिकार कोणताही कायदा तुम्हाला देत नाही, असं त्यांनी हिटलरला तोंडावर सुनावलं. हिटलर चिडून पुन्हा व्यासपीठावर आला. तुमची मतं मला नकोतच, जर्मनी स्वतंत्र होईल पण तुमच्यामुळे नव्हे, असं ओरडला. १२० पैकी हजर राहू शकलेल्या ९४ सोशल डेमोक्रॅटांनी विरोधात मत दिलं. इतर कोणत्याही पक्षातून एकही मत विरोधात गेलं नाही. स्टेट पार्टी या उदारमतवाद्यांच्या पाच खासदारांनीही बाजूने मत दिलं. त्यांत थिओडोर हॉइस होते.

वेल्स यांच्या पक्षाबद्दल खरं तेवढं सगळं सांगायला हवं. जुलै १९३२ मध्ये पापेनने प्रशियातलं त्यांचं सरकार एका वटहुकमाने हटवलं, तेव्हा ते कोर्टात गेले, रस्त्यावर उतरले नाहीत. आणि १७ मे १९३३ रोजी हिटलरच्या परराष्ट्र धोरणाच्या ठरावाला देशात उरलेल्या सोशल डेमोक्रॅट खासदारांनी होकार दिला. २३ मार्चचं त्यांचं धैर्य यामुळे कमी होत नाही. पण सततच्या दहशतीखाली ते धैर्य रोज टिकवणं किती अवघड असतं, हे त्यातून समजतं.

त्याच संध्याकाळी राईशस्राटनेही कायदा एकमताने मंजूर केला. नाझींनी राज्याराज्यांतली सरकारं आधीच ताब्यात घेतली होती, प्रशियाची मतं तर केंद्राने नेमलेले लोक देत होते. न्यायालयाने ऑक्टोबर १९३२ मध्ये प्रशियाच्या हटवलेल्या सरकारकडे ठेवलेला हा प्रतिनिधित्वाचा हक्क फेब्रुवारीत आणखी एका वटहुकमाने काढून घेतला होता. म्हणजे ‘योग्य मार्गाने’ मंजूर झालेल्या या कायद्याच्या मार्गातच बेकायदेशीरपणा होता. तो कोणीही मोजला नाही.

हम्या किती टिकल्या? ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यू आणि नावडत्या सरकारी नोकरांना काढून टाकलं. न्यायाधीशही सुटले नाहीत. २ मेला कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. २२ जूनला सोशल डेमोक्रॅट पक्षावर बंदी आली. जुलैच्या सुरुवातीला बव्हेरियन पीपल्स पार्टीने आणि ५ जुलैला झेंट्रुमने स्वतःला विसर्जित केलं; ज्या पक्षाला वाचवण्यासाठी होकार दिला, तो साडेतीन महिनेही टिकला नाही. १४ जुलैला नवे पक्ष काढणं गुन्हा ठरलं. जे राईशस्राट अबाधित राहणार होतं, ते फेब्रुवारी १९३४ मध्ये रद्द झालं. राष्ट्राध्यक्षाचे हक्क अबाधित राहणार होते. ऑगस्ट १९३४ मध्ये हिंडेनबर्ग वारले आणि ते पद चॅन्सेलरमध्ये विलीन झालं. चार वर्षांच्या मुदतीचा कायदा १९३७ मध्ये वाढवला, १९३९ मध्ये पुन्हा वाढवला, १९४३ मध्ये तर हिटलरने स्वतःच्या हुकमाने वाढवला.

कास एप्रिलमध्येच रोमला निघून गेले होते. २० जुलै १९३३ रोजी व्हॅटिकनशी करार झाला. झेंट्रुमचं मत हा या कराराचा सौदा होता का, यावर इतिहासकारांत जोरदार वाद झालेला आहे. मला तो सरळ सौदा वाटत नाही. पण कराराची आशा कास यांच्या विचारांत नव्हती, असं म्हणणंही पटत नाही.

‘नाही’ म्हणून काय साधलं असतं, हा आक्षेप गंभीर आहे. कदाचित त्याच रात्री आणखी अटका झाल्या असत्या. हिटलर वटहुकमांवर राज्य करत राहिला असता. हे सगळं शक्य आहे. पण मग त्याला दर वेळी हिंडेनबर्गच्या सहीसाठी जावं लागलं असतं, सत्ता उघड बंडानेच घ्यावी लागली असती, आणि प्रत्येक न्यायाधीशाला, प्रत्येक सेनाधिकाऱ्याला आपण कोणाच्या हुकमावर चाललो आहोत हे स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. तो अडथळा ९१ मतांनी दूर केला. कास यांनी ‘ते करणारच आहेत’ हा निष्कर्ष आधी काढला आणि मग तो खरा व्हायला मदत केली.

या माणसांना भेकड म्हणून निकालात काढता येत नाही. व्युर्टेंबर्गचे माजी राज्यप्रमुख ऑइगेन बोल्झ झेंट्रुमचे. त्यांनी बाजूने मत दिलं. पुढे ते हिटलरविरोधी कटात सामील झाले आणि जानेवारी १९४५ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. त्याच महिन्यात, काही दिवस आधी, युलिउस लेबर यांनाही फाशी झाली. त्यांना २३ मार्चला मत देताच आलं नव्हतं. १९४५ मध्ये प्राण देण्याइतकं धैर्य बोल्झ यांच्याकडे होतं. १९३३ मध्ये त्यांच्याकडून मागितलं गेलं होतं ते एक मत, पक्षाच्या शिस्तीविरुद्ध.

युद्धानंतर हा हिशेब पुन्हा उघडला गेला. १९४७ मध्ये व्युर्टेंबर्ग-बाडेनच्या विधिमंडळाने त्या मतदानाची चौकशी केली, कारण तेव्हाचे तिथले मुख्यमंत्री राइनहोल्ड मायर यांनी १९३३ मध्ये स्टेट पार्टीच्या वतीने होकार दिला होता. हॉइस यांचीही साक्ष झाली. दोन वर्षांनी हेच हॉइस पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. ज्या राज्यघटनेखाली ते झाले, ती लिहिणाऱ्या संसदीय परिषदेत ते स्वतः बसले होते. त्या घटनेच्या कलम ६७ प्रमाणे पर्यायी चॅन्सेलर निवडल्याशिवाय सरकार पाडता येत नाही. आणि कलम ७९ च्या तिसऱ्या उपकलमाप्रमाणे मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाही, संघराज्यात्मक रचना यांची मूलतत्त्वं रद्द करणारी घटनादुरुस्ती करताच येत नाही. दोन तृतीयांश नाही, सर्वच्या सर्व सदस्यांनी हात वर केला तरीही.